मांजर, अंगण आणि वऱ्हाडातला प्लेग



गेले दोन शनिवार काही लिहिलं नाही. कारण ऑफिसचं काम नव्हतं, कारण मांजर होतं. हसू नका. घरी खामगावला या मांजरापायी चांगलंच रामायण झालं, आणि ते निस्तरता निस्तरता मी भलत्याच इतिहासात जाऊन पडलो. आजचा लेख त्याबद्दल.

तर झालं असं. आमच्या घराला पुढे छोटं अंगण आहे. एका कडेला मातीचा वाफा, त्यात तुळस, दोन गुलाब, एक कढीपत्ता. अंगणात आमचा शेरू, गावठी कुत्रा, वय वर्षे सहा. गल्लीत तीन-चार भटकी मांजरं. रात्री शेरू व्हरांड्यात झोपला की मांजरं कंपाउंडवरून उतरतात, वाफा उकरतात, काम उरकतात, माती लोटतात आणि निघून जातात. सकाळी शेरू उठून ते शोधून काढतो आणि... कुत्रं पाळणाऱ्यांना पुढचं सांगायला नको. मांजराच्या विष्ठेत प्रथिनं बरीच असतात, कुत्र्यांना तो वास आवडतो. नंतर तेच तोंड घेऊन शेरू घरात सगळ्यांना चाटायला येतो.

एरवी आई ओरडली असती आणि विषय संपला असता. पण यावेळी ताई बाळंतपणासाठी माहेरी आली होती. सातवा महिना. याआधी एकदा पाचव्या महिन्यात तिचं बाळ गेलं होतं, त्यामुळे घरात सगळेच जपून बोलत होते. त्यात ताईने कुठेतरी वाचलं की मांजराच्या विष्ठेतून गरोदर बाईला संसर्ग होतो आणि बाळाला धोका असतो. तेव्हापासून तिने अंगणात पाय टाकणं बंद केलं. शेरूलाही जवळ येऊ देईना. तो बिचारा दाराशी बसून शेपूट हलवत राहायचा.

मग उपाय सुरू झाले. आईने निळीच्या पाण्याच्या बाटल्या कंपाउंडवर लावल्या. (हा उपाय आपल्याकडे गावोगाव दिसतो, कुत्र्यांसाठी. जपानमध्येही मांजरं येऊ नयेत म्हणून घराबाहेर पाण्याच्या बाटल्या ठेवतात, म्हणजे आई एकटी नाही :)) मांजरं बाटल्यांना अंग घासून आत उतरली. बाबांनी डांबरगोळ्या टाकल्या. त्या मी फोनवरून ओरडून उचलायला लावल्या, कारण त्या कुत्र्याच्या पोटात गेल्या तर कुत्रंच जायचं. मिरचीपूड टाकली, तर शेरूच दिवसभर शिंकत बसला.

शेवटी शेजारच्या एका काकांनी बाबांना एक पुडी आणून दिली. "दुधात टाका, दोन दिवसांत गल्ली साफ."

ती पुडी कपाटावर ठेवली गेली. बाबांनी टाकली नाही, पण फेकलीही नाही. आई म्हणाली, पोरीच्या जिवापुढे मांजर काय? यावर आजी, वय ८४, तिथेच बसून होती. ती एवढंच बोलली, "मांजर मारलं त काशीले सोन्याचं मांजर द्या लागते. हाये का तुह्यापाशी सोनं?" आणि थोड्या वेळाने, "तिनं आपला जीव वाचवला, अन् तुम्ही तिले माराले निंघाले."

कोणाचा जीव? कधी? मी शनिवारी सकाळच्या गाडीने घरी पोचलो तेव्हा पहिल्यांदा हेच विचारलं.

आजीची गोष्ट

आजीने स्वतः पाहिलेलं नाही, तिच्या आजीकडून ऐकलेलं. गाठीचा ताप आला होता. जांघेत, काखेत गाठ यायची आणि तीन-चार दिवसांत माणूस जायचा. घरात उंदीर पडून मेलेला दिसला की लोक घराला कडी घालून शेतात झोपड्या करून राहायचे. आजीच्या आजीचं घर मात्र वाचलं, कारण (असं तिचं म्हणणं) त्या घरात चार मांजरं होती आणि उंदीर म्हणून नव्हता.

मी इंजिनीअर माणूस. एका घराचा किस्सा म्हणजे पुरावा नव्हे, असं मनात म्हटलं. पण रविवारी सहज शोधायला बसलो आणि उडालोच.

गाठीचा ताप म्हणजे ब्यूबॉनिक प्लेग. १८९४ मध्ये हाँगकाँगला येर्सिनने त्याचा जंतू शोधला. १८९६ मध्ये तो मुंबईत आला आणि १८९७ पर्यंत पुण्यात. पुण्याची गोष्ट आपल्याला शाळेत शिकवतात: प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ ला गेल्या, आणि २२ जूनच्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. पण आपल्याकडची गोष्ट कोणी शिकवत नाही. प्लेग पुण्यात थांबला नाही. तो रेल्वेने आणि बैलगाडीने आत आत शिरला. पुढच्या दोन-तीन दशकांत देशभरात एक कोटीच्या वर माणसं त्याने नेली.

वऱ्हाड त्याच्या वाटेतच होतं. मुंबईहून नागपूरला जाणारी लाइन १८६७ मध्ये पूर्ण झाली. ती आपल्या जिल्ह्यात मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव अशी जाते. १८७० मध्ये जलंबहून खामगावला फाटा काढला, तोही फक्त कापसासाठी. उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. (तेव्हा खामगाव अकोला जिल्ह्यात होतं बरं का. ते बुलडाणा जिल्ह्यात आलं १९०५ मध्ये.) आता विचार करा: कापसाचे ढीग, सरकीचे ढीग, धान्याची पोती, घरोघरी मातीच्या भिंती, जमिनीत खणलेली धान्याची पेवं. उंदरासाठी याहून चांगली सोय कोणती?

उंदराचा आणि प्लेगचा संबंध १८९८ मध्ये पॉल-लुई सिमोंड या फ्रेंच डॉक्टरने कराचीत सिद्ध केला: उंदीर मरतो, त्याच्या अंगावरची पिसू नवा यजमान शोधते आणि माणसाला चावते. लोकांनी त्याची थट्टा केली. १९०५ नंतर मुंबईत प्लेग संशोधन आयोगाने प्रयोग करून तेच दाखवलं, तेव्हा कुठे सगळ्यांना पटलं. पण "उंदीर पडला की घर सोडा" हे आजीच्या आजीला त्याआधीच माहीत होतं. तिला पिसू माहीत नव्हती, एवढंच.

आणि आता खरी गंमत. अमरावतीला, म्हणजे आपल्याच वऱ्हाडात, लेफ्टनंट कर्नल ब्यूकॅनन नावाचा सिव्हिल सर्जन होता. त्याने गावोगावची मांजरं आणि गावोगावचा प्लेग यांचा ताळा घातला. त्याचा निष्कर्ष: ज्या गावांत घरोघर मांजरं आहेत तिथे प्लेग शिरत नाही किंवा फार पसरत नाही. १९०८ मध्ये त्याने हे लंडनच्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापलं. लेखाच्या नावाचा अर्थच 'प्लेग रोखणारी मांजरं' असा आहे. थोडक्यात काय, जे आमची आजी खाटेवर बसून सांगत होती तेच एका कर्नलने लंडनला छापून आणलं होतं.

मी धावत जाऊन आजीला सांगितलं. ती म्हणाली, "मंग? मी काय खोटं बोलतो काय?"

पण थांबा

इथे लेख संपवला असता तर छान झालं असतं. मांजर निर्दोष, आजी बरोबर, काका चूक. पण सोमवारी रात्री पुण्याला परत येताना गाडीत मला झोप येईना. कारण कोडवाल्याची सवय. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही.

मांजरं असलेली गावं आणि नसलेली गावं यांत आणखी कितीतरी फरक असणार. कुठे बाजार, कुठे रेल्वे, कुठे कापसाची जिन. प्लेग तर त्या वाटेनेच यायचा. शिवाय आता हे पक्कं माहीत आहे की मांजरालाही प्लेग होतो आणि क्वचित मांजराकडून माणसालाही होतो. अमेरिकेत अशा केसेस झाल्या आहेत. मोठ्या उंदराच्या, म्हणजे घुशीसारख्या उंदराच्या, वाटेला मांजर फारसं जातही नाही. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका कचरा केंद्रात शास्त्रज्ञांनी कॅमेरे लावून ७९ दिवस पाहिलं. उंदीर शेकड्यांनी, मांजरं हजर. या काळात मांजरांनी मारलेले उंदीर किती? दोन!

पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. मांजर आसपास असलं की उंदीर उघड्यावर यायचे कमी व्हायचे, आडोशाला राहायचे. म्हणजे मांजर उंदीर संपवत नाही, पण त्याला निवांत फिरू देत नाही. आणि वऱ्हाडातल्या मातीच्या घरांत वावरायचे ते न्यूयॉर्कच्या गटारातल्या धटिंगणांपेक्षा लहान उंदीर. त्यामुळे ब्यूकॅननचं म्हणणं अगदीच टाकाऊ वाटत नाही. त्याने मांजराला हवं त्याहून जास्त श्रेय दिलं, इतकंच म्हणेन.

आता योगायोग पाहा. त्याच १९०८ साली, तिकडे आफ्रिकेत ट्यूनिसला, निकोल आणि मान्सो या दोघांनी एका उंदरासारख्या रानटी प्राण्यात एक सूक्ष्म परजीवी शोधला. त्याचं नाव टॉक्सोप्लाझ्मा. हाच तो, ज्याच्या भीतीने ताई अंगणात येत नव्हती. त्याचं पूर्ण जीवनचक्र मात्र कळायला १९७० उजाडलं: हा परजीवी आपली अंडी (शास्त्रीय भाषेत ऊसिस्ट) फक्त मांजराच्या आतड्यात तयार करतो आणि ती विष्ठेतून बाहेर पडतात.

म्हणजे एकाच वर्षी वऱ्हाडात मांजराला डॉक्टर ठरवलं आणि ट्यूनिसमध्ये त्याच्या विरुद्धची फाइल उघडली! आणि आमच्या घरात हे दोन्ही पक्ष समोरासमोर बसले होते. एका खाटेवर आजी, दुसरीवर ताई. दोघींचंही खरं होतं.

मारून काय होतं?

पुडीचा प्रश्न शिल्लक होता. याचाही इतिहास आहे.

१६६५ मध्ये लंडनला प्लेग आला तेव्हा महापौरांनी कुत्री-मांजरं मारायचा हुकूम काढला, कारण रोग तीच पसरवतात असा समज होता. डॅनियल डीफोने पुढे १७२२ मध्ये त्या साथीवर पुस्तक लिहिलं, त्यात ४० हजार कुत्री आणि २ लाख मांजरं मारल्याचा आकडा आहे. आकड्यावर किती विश्वास ठेवायचा ते सोडा. साथ त्याने थांबली नाही, हे नक्की. उंदराकडे कोणी पाहिलंच नाही.

आपल्याकडे मुंबईत १८३२ मध्ये भटकी कुत्री मारण्याची मोहीम निघाली. मारणाऱ्याला कुत्र्यामागे पैसे मिळायचे. मग लोक घरातली, दारातली कुत्रीसुद्धा उचलायला लागले. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक मान आहे. जूनमध्ये पारशी रस्त्यावर उतरले, हिंदू-जैन व्यापारी त्यांना मिळाले, दुकानं बंद झाली आणि दंगल आवरायला लष्कर आणावं लागलं. त्यानंतर १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभॉय आणि इतर व्यापाऱ्यांनी मुंबईची पांजरापोळ काढली, भटक्या जनावरांना ठेवायची जागा म्हणून. म्हणजे "मारून टाका" आणि "सोय करा" हा वाद आपल्याकडे दोनशे वर्षं जुना आहे.

आता तर कायदाही स्पष्ट आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावराला विष घालणं गुन्हा आहे. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे, तिच्या कलम ३२५ मध्ये प्राणी मारण्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी एक साधा प्रश्न: दुधातलं विष खाऊन मेलेलं मांजर शेरूने तोंडात धरलं तर? किंवा दुधाची वाटी मांजराआधी शेरूला सापडली तर? हे बाबांना मी विचारलं. ते काही बोलले नाहीत. पण पुडी कपाटावरच होती.

मांजर अंगणात का येतं?

पुढच्या शनिवारी मी परत गेलो. यावेळी ठरवलं, आधी बग नीट समजून घ्यायचा, मग फिक्स. जुना मोबाइल व्हरांड्याच्या खिडकीत लावला आणि रात्रभर रेकॉर्डिंग केलं. तीन मांजरं. तिघंही येऊन थेट वाफ्यात. अंगणातल्या फरशीवर एकही थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी गल्लीत चालत गेलो आणि मान वर करून नव्हे, खाली घालून पाहत गेलो. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

आमच्या गल्लीत मातीच नाही.

रस्ता काँक्रीटचा. त्याच्या कडेला गट्टू. प्रत्येकाच्या अंगणात फरशी किंवा कोबा. कोपऱ्यावर मोकळा प्लॉट होता, तिथे आता दुमजली घर. अख्ख्या गल्लीत भुसभुशीत कोरडी माती दोनच ठिकाणी उरली होती: आमचा वाफा, आणि आमच्याच मागच्या बाजूला कंपाउंडच्या कामातून उरलेला रेतीचा छोटा ढीग. त्या ढिगातही खड्डेच खड्डे होते, आम्ही कधी पाहिलेच नव्हते.

मांजराचा पूर्वज म्हणजे पश्चिम आशिया आणि आफ्रिकेतलं रानमांजर, फेलिस लिबिका. २००७ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून हे नक्की झालं. हे कोरड्या, रेताड मुलखातलं जनावर. वाळू उकरायची, काम करायचं, झाकायचं, ही सवय तिथली. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी माणसाने धान्य साठवायला सुरुवात केली, धान्यामागे उंदीर आला, उंदरामागे मांजर. सायप्रस बेटावर एक साडेनऊ हजार वर्षांपूर्वीची कबर मिळाली, त्यात माणसाशेजारी मांजर पुरलेलं होतं. बेटावर मूळची मांजरं नव्हती. म्हणजे माणसाने ते होडीतून नेलं होतं. कुत्र्यासारखं मांजराला कोणी शिकवलं नाही. ते आपणहून आलं आणि सवयी घेऊन आलं.

आणि नाव बघा. मांजर हा शब्द संस्कृत 'मार्जार' वरून आला, आणि मार्जार 'मृज्' या धातूवरून, म्हणजे पुसणं, स्वच्छ करणं. देवपूजेतलं 'मार्जन' तेच. आपल्या पूर्वजांनी या प्राण्याचं नावच 'सतत स्वतःला साफ करणारा' असं ठेवलं. ज्याला आपण घाण करणारा म्हणून हाकलतो तो घाण झाकायला जागा शोधत येतो! जागा मिळाली नाही तर मात्र घाणच.

मग आजीला विचारलं, तुझ्या लहानपणी गावात हा त्रास होता का? ती म्हणाली, नव्हता. का नव्हता, हे तिच्या घराच्या वर्णनातूनच कळलं. जुन्या गावात 'पांढरी' आणि 'काळी' असे दोन भाग. पांढरी म्हणजे वस्तीची जमीन, काळी म्हणजे शेताची. पांढरीतलं अंगण रोज शेणाने सारवलेलं, सडा घातलेलं. चोपून घट्ट झालेलं आणि ओलसर. अशा जमिनीत मांजर उकरत नाही. घरामागे उकिरडा, चुलीच्या राखेचा ढीग, आणि त्यापलीकडे काळी. मांजराला पाहिजे ती भुसभुशीत जागा घराबाहेर वीस पावलांवर. वाफ्याला पऱ्हाट्यांचं कूड, कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या काटक्यांचं. त्यात मांजर पाय ठेवत नाही.

म्हणजे जुन्या घरात मांजराचा संडास होता. कोणी बांधला नव्हता, पण होता. आपण उकिरडा हटवला (बरंच झालं), चूल गेली (फारच बरं झालं), माती बुजवली, आणि मांजर मात्र तेच राहिलं. सिस्टीम बदलली, जुना युझर तसाच आहे, आणि आपण म्हणतोय युझर नालायक आहे. आमच्या टीममध्येही हे वाक्य मी बऱ्याचदा ऐकतो :)

मुलतानी माती

यावर जगात उपाय निघाला तो १९४७ मध्ये. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातला एड लो हा तरुण कारखान्यांत सांडलेलं तेल शोषून घ्यायची माती विकायचा. जानेवारीत त्याच्या शेजारणीने मांजरासाठी वाळू मागितली. तिची वाळू थंडीने गोठली होती. लोने तिला वाळूऐवजी गाडीतली ती शोषक माती दिली. तिला ती इतकी आवडली की ती पुन्हा मागायला आली. लोने पाच पौंडांच्या पिशव्या भरल्या, वर 'किटी लिटर' लिहिलं आणि ६५ सेंटला विकायला ठेवल्या. पुढे तो कोट्यधीश झाला. ती माती कोणती? फुलर्स अर्थ. म्हणजे आपली मुलतानी माती! आई आणि ताई चेहऱ्याला लावतात तीच जात. हे ताईला सांगितलं तेव्हा ती कितीतरी दिवसांनी खळखळून हसली.

आम्ही मुलतानी मातीवर पैसे घातले नाहीत. जुना प्लॅस्टिकचा ड्रम आडवा अर्धा कापला, तळाला भोकं पाडली, त्यात तीच उरलेली रेती भरली आणि कंपाउंडच्या मागे, शेरू जाऊ शकणार नाही अशा कोपऱ्यात ठेवला. वर पावसासाठी एक टिनाचा तुकडा. वाफ्यातली काही उकरलेली माती त्या रेतीत मिसळली, म्हणजे मांजरांना जागा ओळखू येईल. वाफ्यावर आजीच्या सांगण्यावरून ओळखीच्या शेतकऱ्याकडून पऱ्हाट्या आणून आडव्या-उभ्या पसरल्या आणि आई रोज संध्याकाळी वाफा भरपूर भिजवायला लागली. एवढंच.

बाबा रोज सकाळी खुरप्याने ड्रम साफ करतात, हातात पिशवी घालून. रोज का? कारण टॉक्सोप्लाझ्माची अंडी बाहेर पडल्या पडल्या घातक नसतात, त्यांना तयार व्हायला एक ते पाच दिवस लागतात. मातीत राहिली तर मात्र महिनोन्‌महिने टिकतात. म्हणजे रोज साफ करणं हाच निम्मा उपाय. गरोदर बाईने मात्र हे काम करायचं नाही. शिवाय मांजर आयुष्यात बहुधा एकदाच, पहिल्या संसर्गानंतर एक ते तीन आठवडे ती अंडी टाकतं. आणि माणसाला हा संसर्ग होतो तो बऱ्याचदा अर्धवट शिजलेल्या मांसातून आणि न धुतलेल्या भाजीतून. ताईला घेऊन डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी रक्ताची तपासणी करून घेतली. तिच्यात जुन्या संसर्गाच्या खुणा निघाल्या, नव्या नाहीत. म्हणजे लहानपणी कधीतरी होऊन गेलेलं. डॉक्टर म्हणाले, याची आता काळजी नको, हात धुवा, भाजी धुवा, शेरूला आत घ्या.

मग सुटला का प्रश्न?

पूर्ण नाही. खोटं कशाला सांगू. तीनपैकी दोन मांजरं चार-पाच दिवसांत ड्रमवर गेली. तिसरा बोका हट्टी आहे. तो मधूनमधून कंपाउंडच्या खांबावर मोहोर उठवून जातो, आणि त्याला मूत्राची हद्द आखायची आहे, संडास नको. त्याच्यावर रेतीचा इलाज चालत नाही, नसबंदीच करावी लागेल. गावात ती सोय कुठे होईल याची चौकशी बाबा करत आहेत. बाबा! ज्यांनी पुडी ठेवली होती ते.

पुडी त्यांनी काकांना परत नेऊन दिली. काय बोलणं झालं ते सांगत नाहीत. पण काकांनी परवा विचारलं म्हणे, "तो ड्रम कसा कापला?"

शेवटी एक गोष्ट सांगून संपवतो. सिंधू संस्कृतीतलं चान्हुदडो नावाचं गाव आहे, आज पाकिस्तानातल्या सिंधमध्ये. १९३५-३६ मध्ये अर्नेस्ट मॅके तिथे उत्खनन करत होता, तेव्हा त्याला एक भाजलेली वीट मिळाली. वीट ओली असताना तिच्यावरून एक मांजर पळालं होतं आणि त्यामागोमाग एक कुत्रं. मांजराच्या पंजावर कुत्र्याचा पंजा थोडा चढलेला आहे, आणि ठसे खोल आहेत, म्हणजे दोघंही वेगात होती. चार हजार वर्षांपूर्वी कोणाच्या तरी अंगणात विटा वाळत होत्या, कोणीतरी "हाड हाड" करत धावलं असेल, आणि नंतर ती वीट फेकून न देता भाजली.

ताईला मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. पाचवीच्या रात्री आजीने सटवाईची पूजा मांडली. सटवाई म्हणजे षष्ठी, लेकरांची राखण करणारी. मी आजीला सांगितलं की बंगालमध्ये षष्ठीचं वाहन मांजर असतं. आजीने पाटावरून मान न वळवता विचारलं, "मंग तुह्या त्या इंग्रज डॉक्टरले हे ठावं होतं का?"

बहुतेक नसावं.

शेरू आता पाळण्याखाली झोपतो. मागच्या कोपऱ्यात ड्रम आहे. असो, पुढच्या शनिवारी भेटू.